वाचक विचारतात: माळ्यावरचा जुना मेटल डिटेक्टर पुन्हा बोलेल का?

या वेळी एकाच विषयावरची इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. कुणाला आजोबांच्या पेटीत, कुणाला गॅरेजच्या कोपऱ्यात, कुणाला घर बदलताना जुना मेटल डिटेक्टर सापडलाय आणि सगळ्यांना एकच हवंय, तो चालू व्हावा. मलाही तेच हवंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न: सर, घर आवरताना माळ्यावरच्या लाकडी पेटीत आजोबांचा मेटल डिटेक्टर सापडला. पत्र्याचा करडा डबा, त्यावर दोन नॉब, खाली लांब दांडा आणि बशीसारखी गोल कॉइल. नावाची पट्टी केव्हाच निघून गेलीये. बॅटरीच्या कप्प्यात पांढरी भुकटी साचलीये. घरात ९ व्होल्टची नवी बॅटरी आहे, लावून बघू का? हात शिवशिवतायत.

उत्तर: आज नका लावू. हात शिवशिवतात हे मला कळतं, माझ्या टेबलावर असं यंत्र आलं की माझंही तेच होतं. पण वर्षानुवर्षं माळ्यावर पडून जेवढं नुकसान होत नाही तेवढं पहिल्या दहा सेकंदांत होऊन जातं, कारण बॅटरी उलटी लागते किंवा आत कुठेतरी शॉर्ट असतो आणि आवाज येत नाही म्हणून आपण नॉब फिरवत बसतो.

आधी ती भुकटी. कप्प्यात जुनी बॅटरी अजून असेल तर ती कुठल्या जातीची आहे ते वाचा. साधी झिंक-कार्बन असेल तर तिचा गळलेला रस आम्लधर्मी असतो, तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी वापरायचं. अल्कलाइन असेल तर उलटं, तिथे व्हिनेगर. कापसाच्या काडीवर थोडंसं घेऊन पुसा, ओतू नका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुन्हा पुसून एक दिवस वाळू द्या. हातमोजे घाला आणि भुकटी तोंडानं फुंकू नका, ती डोळ्यात जाते. कप्प्यातून निघणाऱ्या दोन तारा हळूच वाकवून बघा, कारण गळती तारेच्या प्लास्टिकच्या आतून वर वर चढत जाते आणि बाहेरून छान लाल दिसणारी तार सोलली की आतलं तांबं काळं पडलेलं निघतं. अशा तारेला सोल्डर धरत नाही, ती सरळ बदलायची.

मग अधिक-उणे. इथे बरेच जण फसतात. जुन्या सर्किटमध्ये जर्मेनियमचे पीएनपी जातीचे ट्रान्झिस्टर असले तर बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि आपल्याला सवय असते बॉडी म्हणजे मायनस. कप्प्यावर खूण नसेल तर बोर्डावरचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी नळकांड्यासारखी डबी, शोधा, त्याच्या अंगावर अधिक-उणे छापलेलं असतं, त्यावरून कुठली तार कुठे जाते ते मल्टिमीटरनं मिळवता येतं.

आणि पहिल्यांदा चालू करताना बॅटरीच्या एका तारेत १०० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या पुढे मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून जोडा. आत पूर्ण शॉर्ट असला तरी ९ व्होल्टला ९० मिलिअँपिअरच्या वर करंट जाणारच नाही, म्हणजे काही जळायच्या आत तुम्हाला कळेल. असा लहान डिटेक्टर साधारण १० ते ३० मिलिअँपिअर घेतो. काटा तिथे स्थिर राहिला तर रेझिस्टर काढा. एकदम वर गेला किंवा हळूहळू चढतच राहिला तर बंद करा आणि मला परत लिहा. काय झालं ते तसंही कळवाच.

प्रश्न: आमच्याकडचा डिटेक्टर दुसऱ्या महायुद्धातला, सुरुंग शोधायचा आहे असं घरातले मोठे सांगतात. खरं असेल का? वय कसं ओळखायचं?

उत्तर: घरातल्या गोष्टीला मान द्या पण झाकण उघडून बघा. आत ट्रान्झिस्टर असतील तर युद्धातला नाही, कारण ट्रान्झिस्टरचा शोधच डिसेंबर १९४७ चा आणि तो रोजच्या यंत्रांत आला त्यानंतरच्या दशकात. युद्धातली यंत्रं काचेच्या व्हॉल्व्हवर चालायची. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं पोलंडच्या सैन्यातल्या युझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्यानं १९४१-४२ च्या हिवाळ्यात बनवलं. त्याचं वजन १४ किलोच्या आत होतं म्हणून एका माणसाला ते घेऊन चालता येत होतं, आणि १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत अशी ५०० यंत्रं वाळवंटातले सुरुंग शोधायला वापरली. तुमच्या हातात असा व्हॉल्व्हचा सेट असेलच तर त्याला हात लावायच्या आधी जाणकाराला दाखवा, त्याला ६० ते ९० व्होल्टची वेगळी बॅटरी लागते आणि तो झटका साधा नसतो.

ट्रान्झिस्टरचा असेल तर वय बोर्डावरच लिहिलेलं असतं. आठ पायांची ५५५ नावाची चिप दिसली तर यंत्र १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही, ती चिपच त्या वर्षी बाजारात आली. बाकीच्या चिपवर बहुतेक वेळा चार आकडे असतात, समजा ७४२३, तर पहिले दोन वर्ष आणि नंतरचे दोन आठवडा, म्हणजे १९७४ चा तेविसावा आठवडा. सगळ्या भागांवरचे आकडे कागदावर उतरवा, त्यातला सगळ्यात उशिराचा आकडा खरा धरा, यंत्र त्यानंतर कधीतरी जोडलं गेलंय. दुरुस्तीत बदललेला भाग तेवढा वगळा, त्याचं सोल्डर बाकीच्यापेक्षा वेगळं चमकतं.

प्रश्न: माझा चालू झाला! पण सतत गुरगुरतो, आणि तो आवाज आपोआप वर-खाली होत राहतो. धातू जवळ नसताना पण. बिघडलाय का?

उत्तर: गुरगुरतो म्हणजे बहुतेक तो बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) जातीचा आहे आणि गुरगुरणं हीच त्याची तब्येत चांगली असल्याची खूण आहे. आत दोन ऑसिलेटर, म्हणजे सतत कंप निर्माण करणारी सर्किटं, असतात. एक डब्यात, त्याची कंपनसंख्या तशीच राहते. दुसरा तुमच्या कॉइलवर चालतो. समजा एक सेकंदाला १,००,००० वेळा कंप पावतोय आणि दुसरा १,००,४००, तर हे दोन्ही आवाज कानाला ऐकू येत नाहीत, पण त्यांच्यातला ४०० चा फरक ऐकू येतो आणि तोच तो गुर्रर्र. कॉइलखाली धातू आला की तिची कंपनसंख्या जराशी हलते, लाखात वीस-तीसनं, पण फरकात ते वीस-तीस चटकन कळतात. मला ही युक्ती आजही सुंदर वाटते, दोन न ऐकू येणाऱ्या गोष्टींमधून एक ऐकू येणारी काढायची.

याचाच तोटा असा की लाखात वीस-तीस कशानंही हलतात. कॉइल उन्हात तापली, बॅटरी जरा उतरली, आतला ट्रान्झिस्टर गरम झाला की आवाज सरकतो. म्हणून चालू करून १०-१५ मिनिटं सावलीत तसाच ठेवा, मग नॉब लावा. त्यानंतर हळूहळू सरकत असेल तर तो त्याचा स्वभाव आहे, अधूनमधून नॉब जुळवत राहायचं. पण आवाज सरकण्याऐवजी उड्या मारत असेल तर तो दोष आहे आणि तो शोधता येतो.

अंगठी, घड्याळ, बांगडी सगळं काढून रिकामा तळहात कॉइलजवळ न्या. आवाज जोरात बदलला तर कॉइलभोवतीच्या पातळ धातूच्या आवरणाची अर्थिंगची तार तुटलीये, आणि तेच यंत्र ओल्या गवतावर वेड्यासारखं ओरडेल. मग बोटानं कॉइलवर टिचकी मारा. टिचकीबरोबर आवाज उडाला तर आतले वेढे सुटे झालेत. मग केबल, विशेषतः जिथे ती डब्यात शिरते तिथे, हलवून बघा, ती तिथेच सगळ्यात जास्त तुटते. आणि नॉब फिरवताना खरखर आली तर आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा पूर्ण इकडून तिकडे फिरवा, गंज सोडवायचं तेल मारू नका, त्यावर धूळ चिकटते.

आणखी एक. नॉब अगदी मधोमध आणला की आवाज गायब होतो, यंत्र मेलं असं वाटतं. मेलेलं नसतं. दोन ऑसिलेटर फार जवळ आले की एकमेकांना ओढून एकाच कंपनसंख्येवर धरून ठेवतात, मग फरकच उरत नाही. तिथून नॉब किंचित बाजूला न्या म्हणजे संथ टकटक किंवा जाडसर गुरगुर येते, कान सगळ्यात तीक्ष्ण तिथे असतो. उंच शिट्टीवर ठेवून शोधू नका, तिथे लहान बदल लक्षातच येत नाही.

प्रश्न: करंट बरोबर, पण आवाज अजिबात नाही. ऑसिलेटर चालतोय की नाही हे ऑसिलोस्कोपशिवाय, म्हणजे लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राशिवाय, कसं कळणार?

उत्तर: मीडियम वेव्ह असलेला जुना रेडिओ घ्या. डिटेक्टर चालू करून रेडिओ कॉइलच्या अगदी जवळ धरा आणि स्टेशन नसलेल्या जागी काटा सावकाश फिरवा. ऑसिलेटर जिवंत असेल तर डायलवर काही ठिकाणी रेडिओची सरसर एकदम दबते किंवा शिट्टी येते, कारण त्याच्या मूळ कंपनसंख्येच्या पटीतल्या लहरी तिथे पोचतात. मग कॉइलसमोर एखादा डबा आणा, शिट्टी हलली म्हणजे कॉइलपर्यंत सगळं ठीक आहे आणि दोष पुढे आवाजाच्या भागात किंवा हेडफोनच्या खोबणीत आहे. काहीच आलं नाही तर बॅटरी काढून कॉइलचा रोध मोजा, काही ओहम ते काही दहा ओहम यायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटलीये.

तुमच्या कॉइलच्या प्लगला चार-पाच पिना असतील तर मात्र तो बीएफओ नसण्याची शक्यता जास्त. त्यात दोन कॉइल असतात, एक लहर पाठवते, एक ऐकते, आणि त्या अशा बेतानं एकमेकींवर ठेवलेल्या असतात की धातू नसताना ऐकणारीला जवळजवळ काही मिळू नये. असं यंत्र धातू नसताना गप्पच राहू शकतं. त्याची कॉइल फोडून बघायचा मोह टाळा, कॉइल मिलिमीटरभर सरकल्या तरी तोल जातो.

प्रश्न: हेडफोनचं काय? मोबाइलचे लावले तर एका कानात आणि तेही बारीक ऐकू येतं.

उत्तर: खोबण जुनी मोनो आहे आणि तुमची पिन स्टेरिओ, म्हणून एकच कान. बारीक ऐकू येतं कारण त्या काळचे हेडफोन बरेचदा २००० ओहमचे असायचे आणि तुमचे ३२ च्या आसपास. पेटीत जुने सापडले तर तेच वापरा, कानाचा फोम तेवढा नवा घाला. नाहीतर मध्ये लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवा.

प्रश्न: मला माझा डिटेक्टर नीट तपासायचाय, कुठल्या नव्या यंत्राशी तुलना म्हणून नाही, हा स्वतः काय करू शकतो ते बघायचंय. पद्धत सांगाल का? आणि जुन्या जाहिरातींत कित्येक फूट खोलीचे दावे असायचे, ते खरे का?

उत्तर: हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण बहुतेक लोक यंत्र चालू झालं की सरळ बाहेर पळतात आणि दोन तासांत निराश होऊन परत माळ्यावर टाकतात, आणि त्यात यंत्राचा दोष नसतो, ते काय ऐकू शकतं हे आपल्याला माहीत नसतं एवढंच.

जागा आधी निवडा. १८८१ ची गोष्ट सांगतो. २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं घाईघाईनं धातू शोधणारं यंत्र तयार केलं, जुन्या सैनिकांच्या अंगात राहून गेलेल्या गोळ्यांवर ते तपासूनही पाहिलं, तिथे चाललं. अध्यक्षांच्या खाटेपाशी मात्र गडबडलं, कारण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांना गोळी उजवीकडे आहे याची खात्री होती म्हणून शोधही उजवीकडेच घेतला, आणि ती होती डावीकडे. १९ सप्टेंबरला अध्यक्ष गेले. मी टेस्ट करायला बसलो की दर वेळी त्या गादीची आठवण येते आणि टेबलाखाली वाकून बघतो, खिळे, ड्रॉवरची पट्टी, खुर्चीचे पाय, जमिनीतल्या सळया. सिमेंटच्या स्लॅबवर तर टेस्ट करूच नका, त्यात लोखंड असतंच. मोबाइल, एलईडी दिवे, चार्जर यांचाही गोंगाट येतो, म्हणून अंगणात लाकडी स्टूल किंवा पुठ्ठ्याचं खोकं बरं, आणि वीज बॅटरीचीच, अॅडॉप्टर नको.

आता कॉइल आडवी ठेवा, शेजारी लाकडी पट्टी उभी करा, आणि एक नाणं प्लास्टिकच्या पट्टीला चिकटवून वरून हळूहळू खाली आणा. ज्या उंचीवर आवाज पहिल्यांदा हलतो ती लिहा. दुसऱ्या कुणाला नाणं धरायला सांगून तुम्ही डोळे मिटून ऐकलंत तर आकडा खरा येतो, डोळे उघडे असले की कान खोटं बोलतो. दहा वेळा करा. बीएफओला मध्यम आकाराचं नाणं हवेत १० ते १५ सेंटिमीटरवर कळलं तर यंत्र छान आहे. मग तेच नाणं मातीत ५ सेंटिमीटरवर, मग ८, मग १२ वर पुरून बघा. हवेपेक्षा आकडा कमी येईल. लोहाचं प्रमाण जास्त असलेली लाल माती किंवा काळी चुंबकीय वाळू असेल तर खूपच कमी, कारण कॉइल नुसती खाली नेली तरी माती स्वतःच आवाज बदलते. म्हणून कॉइल जमिनीपासून एकाच उंचीवर, दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून फिरवायची, झाडू मारताना टोकाला हात वर जातो तशी वर न्यायची नाही.

जाहिरातींतले फूट मोठ्या वस्तूंचे असतात, पत्र्याचं पिंप, पाइप असलं काही. लहान वस्तूचं गणित फार कठोर आहे. कॉइलच्या मानानं वस्तू लांब गेली की जाणारी लहर अंतराच्या घनानं कमी होते आणि परत येणारीही घनानं, म्हणजे अंतर दुप्पट केलं की खूण ६४ पट क्षीण. आवाज वाढवून हे भरून निघत नाही. मोठी कॉइल मोठ्या वस्तूला खोलवर ऐकते पण बारीक वस्तूला उलट कमी.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. तुमच्या यंत्राची भाषा शिका. साध्या लोखंडानं कॉइलची कंपनसंख्या कमी होते, तांबं, पितळ, चांदी, सोनं यांनी वाढते. नॉब एका बाजूला लावलेला असेल तर नाण्यावर आवाज चढतो आणि खिळ्यावर उतरतो, दुसऱ्या बाजूला लावला तर बरोबर उलटं. तुमची बाजू ठरवा आणि नॉबवर पेन्सिलनं खूण करा. मग घरातलं एकेक आणून ऐका, खिळा, नाणं, चावी, बाटलीचं झाकण, अॅल्युमिनियमचा चुरगळलेला कागद. चपटं पत्र्याचं झाकण लोखंडी असूनही नाण्यासारखं बोलतं, कारण पसरट पत्र्यात फिरणारे प्रवाह जास्त प्रबळ होतात. अॅल्युमिनियमचा कागद आणि बारीक सोन्याची वस्तू तर या यंत्राला वेगळी कळतच नाही, म्हणून चांगला आवाज आला की खणायचंच. सगळं वहीत तारखेसकट लिहा, पुढच्या वर्षी हाच आकडा दोन सेंटिमीटरनं उतरला तर काय बिघडतंय ते शोधायला तीच वही उपयोगी पडते.

प्रश्न: सगळे कॅपॅसिटर एकदम नवे घालून टाकू का? आणि आत मेणानं बंद केलेले स्क्रू दिसतात ते फिरवून बघू?

उत्तर: स्क्रू नका फिरवू, कळकळीनं सांगतो. ते फेराइटचे गाभे आहेत, कारखान्यात जुळवून मेण लावलेले, धातूच्या स्क्रूड्रायव्हरनं ते चिरतात आणि मग तसला गाभा मिळत नाही. कॅपॅसिटरमध्ये इलेक्ट्रोलिटिक तेवढे म्हातारे होतात, आतला द्रव सुकतो. त्यातले जे मोजल्यावर वाईट निघतील तेच बदला, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, दिशा नीट बघून. ऑसिलेटरजवळचे पारदर्शक पॉलिस्टायरिनचे किंवा मायकाचे सहसा वर्षानुवर्षं टिकतात आणि पॉलिस्टायरिन सोल्डरच्या गरमीनं वितळतं. काढलेला प्रत्येक भाग लहान पिशवीत घालून डब्यातच चिकटवून ठेवा, तुमच्यानंतर जो उघडेल त्याला मूळ काय होतं ते दिसू दे.

एका ठिकाणी मात्र वेगळी युक्ती आहे. एएफ ११७ किंवा त्याच्या जवळचे ११४, ११५, ११६ असे चार पायांचे ट्रान्झिस्टर असतील तर त्यांच्या डबीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या पायांना डबीशी शॉर्ट करतात. चौथा पाय डबीचा असतो, तेवढा कापला की बरेचदा यंत्र परत सुरू होतं.

प्रश्न: दादा, बागेत काम करताना सासूबाईंनी दिलेली अंगठी बोटातून निसटली. तीन दिवस झाले, माझी झोप उडालीये. शेजारच्या काकांकडे जुना डिटेक्टर आहे, त्याचा उपयोग होईल का? सोबत बारीक साखळी पण गेलीये.

उत्तर: ताई, अंगठीची शक्यता चांगली आहे. ती वरच्याच मातीत असणार आणि बंद वेढा असल्यामुळे तिच्यात प्रवाह छान फिरतो. फक्त तोवर त्या भागात कुणी कुदळ मारू नये, पाणी घालू नये, माती उचलू नये.

सुरुवात शोधण्यानं करू नका. जवळपास तेवढीच दुसरी अंगठी घ्या, तिला लांब रंगीत दोरा बांधा, गवतात ठेवा आणि काकांना त्यावरून कॉइल न्यायला सांगा. तो आवाज दोघांनी वीस वेळा ऐका. गुरगुर कुठे जाड होते, किती वेळ टिकते, कॉइलच्या कडेवर कशी आणि मधोमध कशी. मग अंगठी खिशात नको, घरात ठेवून या. बागेत दोरीनं हातभर रुंदीचे पट्टे पाडा, लाकडी खुंट्या वापरा. पट्टा सावकाश, अर्धी कॉइल आधीच्या जागेवर चढवत. एकदा उभे, मग तेच आडवे. फिरवणाऱ्याच्या बुटात लोखंड नको. आवाज आला की हातानं माती सारून बघा, फावडं नाही, आणि काढलेली मूठभर माती पुन्हा कॉइलखालून फिरवा. बहुतेक वेळा खिळे आणि झाकणंच निघतील, निघू देत, तेवढी जागा साफ झाली.

साखळीचं मात्र वाईट वाटतं सांगायला, पण सांगायला हवं. बारीक साखळीची प्रत्येक कडी यंत्राला वेगवेगळी दिसते आणि एकेक कडी फार लहान असते, त्यामुळे नवीन महागडी यंत्रंही तिथे चुकतात. अडकवायचा हूक कधी कधी ऐकू येतो. साखळीसाठी चाळणी घ्या, थोडी थोडी माती चाळा.

प्रश्न: टेस्ट झाल्यावर हे घेऊन कुठेही फिरता येतं का?

उत्तर: नाही. मालकाची परवानगी आधी, आणि संरक्षित जुन्या वास्तू, उत्खननाच्या जागा पूर्ण वर्ज्य, नियम देशोदेशी वेगळे आहेत तेव्हा आपल्याकडचे वाचूनच बाहेर पडा. जुनी वस्तू लागली तर ओढून काढू नका, ती ज्या थरात पडलीये तो थर अभ्यासकाला वस्तूपेक्षा जास्त सांगतो. आणि बॉम्ब, गोळा, काडतूस यासारखं काही दिसलं तर हात न लावता आल्या पावली मागे फिरा, पोलिसांना कळवा.

प्रश्न: सर, मी पहिल्या प्रश्नाचा वाचक. तुम्ही उत्तर आधी पाठवलंत म्हणून तसंच केलं. भुकटी साफ केली, एक तार खरंच आतून काळी होती, ती बदलली. अधिक टोक बॉडीला निघालं, मी उलटी लावणार होतो! १०० ओहम घालून १४ मिलिअँपिअर आले. मग नॉब फिरवला आणि तो गुरगुरला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, हा बाबांचा आवाज, म्हणजे ते रविवारी अंगणात हेच घेऊन बसायचे. नाणं हवेत ११ सेंटिमीटरवर कळतंय, मातीत ७ वर. पेटीच्या तळाशी त्यांची एक छोटी वही पण सापडली, त्यात आकडे आहेत, एका पानावर "नाणे, हवेत १२" असं आहे. माझा एक सेंटिमीटर कुठे गेला?

उत्तर: पत्र दोनदा वाचलं. तुमच्या आजोबांनी माझ्या आधी कितीतरी वर्षं तीच पद्धत वापरली होती, फार छान वाटलं. वहीत नाणं कुठलं होतं ते लिहिलंय का बघा, नाणं वेगळं असेल तर एक सेंटिमीटर तिथेच सापडेल. नाणं तेच असेल तर चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज मोजा, आणि आवाजाच्या भागातले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मोजून घ्या, बहुतेक त्यातला एखादा सुकलेला निघेल. तेही ठीक निघालं तर आईला नॉब लावायला सांगा. त्यांनी तो आवाज लहानपणी ऐकलाय, गुरगुर कुठवर जाड ठेवायची हे त्यांच्या कानाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. तुमचे आकडे त्याच वहीत पुढच्या पानावर लिहा. आणि रोज काम झालं की बॅटरी काढून ठेवा, कप्प्यात राहू देऊ नका.